सुरुचीचा पत्ता

आमच्या ह्यांना रिकामी जागा बघवत नाही. कागदावरची हो, घरातली नव्हे. घरातली रद्दीने कधीच भरून टाकलीय. शाळेत जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. खापरपणजोबांपासून परवा जन्मलेल्या बाळापर्यंत सगळ्यांची नावं, जन्मतारखा, फोन, पत्ते. कॉम्प्युटरवर तक्ता केला आणि त्याची लिंक घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली सूचना: "ज्याने त्याने आपापलं भरावं. शुद्धलेखन पाहूनच भरावं."

मी बँकेत नोकरी केलेली बाई. म्हटलं, "अहो, ही लिंक ज्याच्या हातात पडेल तो उघडेल. जन्मतारखा, फोन, आईचं माहेरचं आडनाव, सगळं आयतं! चोराला आणखी काय लागतं?"

"आपल्या घराण्यात चोर नाहीत," हे म्हणाले. संपला विषय.

ज्याची माहिती अपुरी, त्याच्या चौकोनात हे लाल रंग भरायचे. शेवटी एकच लाल चौकोन उरला, सुरुचीचा. सुरुची ह्यांची पुतणी. घटस्फोट झाला तरी तिचा आधीचा नवरा, तो विक्रम, तिची पाठ सोडत नव्हता. ऑफिसच्या दाराशी काय उभा राहायचा, सोसायटीच्या वॉचमनला काय विचारत बसायचा. पोलिसांत तक्रार झाली, नोकरी बदलली, घरं बदलली, तेव्हा कुठे पोर सुखाने झोपायला लागली होती. पत्त्यापुढे तिने नुसतं 'येरवडा' लिहिलं होतं.

"हा काय पत्ता झाला? लोकांना वाटेल तुरुंगात आहे."

"वाटू दे. कुणालाही सांगू नका म्हणालीये ना ती?"

"कुणालाही म्हणजे परक्यांना. ग्रुपवर सगळे घरचेच आहेत." असं म्हणून ह्यांनी द्वारकावहिनींना, म्हणजे सुरुचीच्या आईला, फोन लावला. वहिनींना लेकीच्या नव्या घराचं कौतुक. त्यांनी बिल्डिंगच्या नावासकट पत्ता सांगून टाकला. ह्यांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि म्हणाले, "चहा झाला की भरतो."

मी चहा मुद्दामच सावकाश केला. कप घेऊन बाहेर आले तर ह्यांचा फोन वाजला. कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून हे सगळं स्पीकरवरच बोलतात.

"नमस्कार काका, विक्रम बोलतोय. कुलवृत्तांत फार सुंदर होतोय हं! एकच राहिलंय बघा. सुरुचीच्या पुढे नुसतं येरवडा आलंय. पुढचं सांगता का? मीच भरतो, तुम्हाला कशाला त्रास."

ह्याला तक्ता दिसतोय कसा? आणि मग लख्ख आठवलं. ग्रुपमधून ह्याला कुणी काढलंच नव्हतं! जावयाला काढायचं कसं, बरं दिसतं का, म्हणून जो तो दुसऱ्यावर ढकलत राहिला. आमचा हा सभ्यपणा, मेला!

पत्ता ह्यांच्या पुढ्यातच होता. हे त्या कागदाकडे बघत बसलेले. सवयीने वाचून दाखवलाच तर?

ह्यांनी कागद पालथा घातला. "विक्रमराव, कुलवृत्तांत आमच्या घराण्याचा आहे. तुम्ही तुमचा काढा." आणि फोन ठेवून दिला.

मग मात्र चेहरा पार उतरला. "सुनीती, मी चहाआधीच भरला असता तर गं?"

मला चार शब्द सुनावायचे होते. पण तो चेहरा बघून बोलवेना. म्हटलं, "आधी उठा आणि लिंक बंद करा."

ह्यांनी स्वतः विक्रमला ग्रुपमधून काढलं. जुन्या तक्त्यात आधीचं लिहिलेलं मागे जाऊन बघता येतं, म्हणून मी नवा तक्ता केला, जुना पुसून टाकला. फोन, जन्मतारखा, आईची माहेरची आडनावं, सगळं वगळलं. पत्ता ज्याने त्याने हो म्हटलं तरच. हे शेजारी बसून कुरकुरले नाहीत, हेच नवल. सुरुचीला मी फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "पोलिसांना कळवते, काकू." मला रडू आलं.

संध्याकाळी बघते तर हे पुन्हा टाइप करतायत. सुरुचीच्या पुढे आमचा कोथरूडचा पत्ता, फ्लॅट नंबर आणि पिनकोडसकट.

"अहो, आणि तो इथे आला तर?"

"येऊ दे. दार मी उघडीन."

नवी लिंक ह्यांनी ग्रुपवर न टाकता एकेकाला वेगळी पाठवली. रात्रीचं जेवण चाललं होतं तेव्हा सुरुचीचा फोन आला. "काका, माझा पत्ता चुकलाय."

"माझ्या हातून चुका होत नाहीत."

पलीकडे ती हसली की रडली, स्पीकरवर कळेना. मग म्हणाली, "रविवारी येऊ का मी? जेवायला?"

"विचारतेस काय?" हे खेकसले. "आपल्या घरी यायला कुणी विचारतं का?"