चुलीसमोरची खिडकी

आजीचं घर टेकडीवर न्यायच्या दिवशी सोळा बैलजोड्या आल्या. आमच्या चिलोए बेटावर घर एकाला आणि जमीन दुसऱ्याला दिली, की घर ओढून न्यावं लागतं. खालचा माळ आउदिलियोमामाला मिळाला होता, त्यावरचं लाकडी घर माझ्या आईला. चौऱ्याऐंशी वर्षांची एदेल्मिराआजी आता आईजवळ, टेकडीवर राहणार होती. वाटणीच्या कागदावर सही मात्र तिनं अजून केली नव्हती.

"चुलीपाशी उभी राहिले की खाडी दिसली पाहिजे," तिनं बजावलं होतं. "नाही दिसली तर सही नाही. मी आउदिलियोच्या गोठ्यात राहीन."

म्हणून मी होकायंत्र लावून नवी जागा आखली. खिडकी एकशे वीस अंशांवर, चार खुंट्या पक्क्या. भूगर्भशास्त्र शिकल्याचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

घराखाली दोन ओंडके सरकवले, दारं-खिडक्या काढल्या, आणि घर हललं. अर्धी टेकडी ते डुलत चढलं. मग नव्या जागेच्या अगदी जवळ, पाणथळीत एक ओंडका रुतला. बैलांनी हिसका दिला तसं घर गर्रकन वळलं आणि खुंट्या चिरडत जागेवर जाऊन बसलं. मी मोजलं. एकशे दहा अंशांची चूक.

आई रडवेली झाली. मिंगाला, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून करायच्या अशा कामाला, आलेल्या माणसांना मजुरी नसते. त्यांना पोटभर खाऊ घालायचं आणि विनंती करायची, हुकूम नाही. जेवणासाठी खड्ड्यात शिजत असलेल्या शिंपल्यांचा वास सुटला होता, बैलांची जुवं उतरत होती. घर फिरवून द्या म्हणून आई एकेकापाशी जाऊन अजिजी करत होती.

"पोरी, आधी शिंपले, मग खिडकी," बैलजोडी घेऊन आलेले म्हातारे बेलार्मिनो म्हणाले. "बैलांनाही पोट आहे."

आजी केव्हाच आत गेली होती. मी मागोमाग गेले. ती थंड चुलीपाशी उभी होती. खिडकीच्या चौकटीत पाण्याची रेघही नव्हती. खालचा माळ होता, त्यात उघड्या मातीचा एक चौकोन, आणि पुढे दार नसलेली दगडी पायरी.

"एवढंसंच होतं?" आजीनं विचारलं.

"सहा बाय आठ मीटर."

"सात पोरं वाढवली मी त्यात." तिनं बोट दाखवलं. "त्या पायरीवर बसून तुझा आजोबा बूट काढायचा. रोज माझ्या नावानं ओरडायचा, गाठ सुटत नाही म्हणून. मी आतून म्हणायची, काप मग."

आई धापा टाकत आली. "आई, जेवण झालं की फिरवतो म्हणालेत."

"राहू दे. कागद आण."

"पण खाडी?"

"खाडी कुठं जातेय? त्या चौकोनात वसंतात आउदिलियो बटाटे लावेल. तोवर मला बघू दे."

"आणि मग पुढच्या वर्षी फिरवायला पुन्हा बोलवशील!" बाहेरून मामा ओरडला.

"बोलवीन. तू बैल तेवढे जाडजूड ठेव."

चुलीवर कागद ठेवून आजीनं सावकाश सही केली. पेन परत देतानाही तिची नजर त्या पायरीवरच होती.