ठिणगीला न भुलणारा मीटर

मित्रांनो, मी एक जुना कंडेन्सर मीटर आहे. शिकलेले लोक कंडेन्सरला कपॅसिटर म्हणतात. आमच्या कारेगावात कंडेन्सरच. माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पाठीवरचं झाकण रबरबँडनं धरलं आहे, आणि काळी वायर मिळाली नाही म्हणून माझी एक वायर लाल आणि दुसरी हिरवी आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला पुढं बरंच बोलायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कळू लागलं तेव्हा मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत बिरदेवमामांच्या टेबलावर होतो. मामा सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे पंखे नीट करायचे. पंख्याला आणि मोटरीला सुरुवातीचा रेटा देतो तो कंडेन्सर. त्याच्या पोटात वीज साठते, आणि तो किती वीज साठवू शकतो त्याचा आकडा माझ्या पडद्यावर उमटतो. मामा मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. मग एकदा घाईघाईत त्यांनी भरलेला कंडेन्सर रिकामा न करताच माझ्या वायरींना लावला. माझ्या पोटात जाळ झाला. मामा हळहळले, पण चूक आपली होती हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "मीटरच हलका निघाला," असं सांगून त्यांनी मला ड्रॉवरमध्ये टाकलं. सहा वर्षं मी तिथं पडून होतो. त्या वाक्याचा राग मला अजून आहे.

मला बाहेर काढलं त्यांच्या भाचीनं, सुलक्षणानं. ती रांजणगावला एका कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर होती. कंत्राट संपलं, तसा तिनं कारेगावात एक गाळा भाड्यानं घेतला आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं.

"जळालाय गं तो," मामा म्हणाले.

"जळालाय म्हंजी मेला न्हाई, मामा," ती म्हणाली, आणि तिनं माझा जळका भाग बदलला. तेव्हापासून तिचा नियम ठरला. कंडेन्सर आधी बल्बला जोडायचा, आतली वीज उतरवायची, मगच मला लावायचा.

गाळ्याचे मालक आण्णा. मागं त्यांच्याच बावीस खोल्या, सगळ्या कंपनीतल्या कामगारांनी भरलेल्या. एका मंगळवारी सकाळी बोअरची मोटर उचलेना. बटण दाबलं की स्टार्टरच्या पेटीवरचा विजेचा काटा वर उडायचा आणि पेटी बंद पडायची. आण्णांनी मच्छिंद्र मिस्त्रीला बोलावलं. आमच्याकडं कंडेन्सर तपासायची एक रीत आहे. त्याला क्षणभर लाइट द्यायची आणि मग स्क्रूड्रायव्हरनं त्याची दोन टोकं जोडायची. ठिणगी उडाली की कंडेन्सर चांगला! मिस्त्रीनं तेच केलं. फट्ट आवाज झाला, जमलेले लोक मागं सरले आणि मिस्त्रीची छाती फुगली.

"कंडेन्सर ओके हाय, आण्णा. मोटरच जळालीय. तीनशे फुटांवरनं वर काढावी लागंल. पाच दिस धरा."

"पाच दिस पाण्याबिगर कसं ऱ्हायचं?" खोलीतली साखरबाई म्हणाली.

सुलक्षणा मला घेऊन पुढं झाली. "आण्णा, ठिणगीनं वीज हाय एवढंच कळतं. पुरंशी हाय का, ते कळत न्हाई. मला मीटर लावू द्या."

"मच्छिंद्र तीस वरसं मोटरी बघतोय. आता तू त्याला शिकवणार व्हय?" आण्णा चिडले. "लाव. पर खोटी पडलीस तर गाळा रिकामा करायचा."

"चालंल," सुलक्षणा म्हणाली.

सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. संताप आला. तेवढ्यात मिस्त्रीनं नव्यानं आलेल्यांना ठिणगी दाखवायला कंडेन्सर पुन्हा भरला आणि म्हणाला, "थांबा, मीच लावतो हिचं खेळणं." त्यानं मला उचललं. टोकं टेकणार, एवढ्यात सुलक्षणानं त्याचं मनगट धरलं.

"मिस्त्री, आधी बल्ब."

बल्ब लख्खकन पेटून विझला. तेवढी वीज माझ्या अंगात गेली असती तर मी आज बोलायला उरलो नसतो. मग तिनं माझ्या वायरी लावल्या. कंडेन्सरच्या डब्यावर छापलं होतं छत्तीस. मी दाखवले एकोणीस.

"मीटर भंगार हाय," मिस्त्री म्हणाला.

सुलक्षणानं दुकानातून कोरा कंडेन्सर आणला. त्यावरही छत्तीस छापलं होतं, आणि मी छत्तीसच दाखवले. तिनं मला आण्णांपुढं धरलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. "आकडं मला दाखवू नको. पाणी दाखव."

तिनं नवा कंडेन्सर पेटीत बसवला आणि बटण दाबलं. काटा वर गेला, खाली आला, स्थिर राहिला. नळ मात्र कोरडाच. तीनशे फुटांवरून पाणी वर यायला वेळ लागतो, पण तेवढ्यात मिस्त्रीनं हसूनही घेतलं. मग पाइप खाकरला, गढूळ पाणी आलं, पाठोपाठ स्वच्छ धार लागली. बायका बादल्या घेऊन धावल्या.

आणि आण्णा काय म्हणाले असतील? "बघा, मच्छिंद्रनं पेटी उघडली म्हणून घावलं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मीही सांगेन. पण नुसतं फडक्यात गुंडाळलं म्हणजे जपलं असं होत नाही. मला लावण्याआधी कंडेन्सर रिकामा करा, आणि मी दाखवलेला आकडा सोयीचा नसला तरी गिळू नका. सुलक्षणाला तेव्हा गप्प बसता आलं असतं. गाळा तर राहिलाच होता. तिनं जुना कंडेन्सर पुन्हा मला जोडला आणि सगळ्या बायकांच्या देखत मला आण्णांच्या नाकासमोर धरलं.

"आण्णा, वाचा. मोठ्यानं."

आण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. मिस्त्री पायाखालची माती बघत होता. साखरबाईची बादली भरून वाहू लागली, तरी तिनं नळाकडं पाहिलं नाही.

"एकोणीस," आण्णा पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं," साखरबाई म्हणाली.

"एकोणीस!" आण्णा ओरडले.