झाकलेल्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. अतिदक्षता विभागात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी टांगलेला. भिंतीवरच्या वस्तूंनी रागावू नये म्हणतात. आज मला ते जमणार नाही.

माझा जन्म दोनशे अकरा रुग्णांतून झाला. एक बुरशी असते, धडधाकट माणसाच्या वाटेला न जाणारी. औषधांनी वा आजाराने प्रतिकारशक्ती खचली, की ती फुप्फुसात ठाण मांडते. अशा न्यूमोनियात कोण वाचलं, कोण गेलं, याची टिपणं एका डॉक्टरीणबाईंनी चार वर्षं ठेवली. वय, प्राणवायू, रक्तातली प्रथिनं, श्वासाचं यंत्र, सगळ्यांना गुण दिले. बेरीज जास्त, तर आशा कमी. तळाशी बाईंनी दोन ओळी लिहिल्या : ‘पाचव्या दिवशी पुन्हा मोजा. हा हिशेब शंभर जणांचा आहे, समोरच्या एकाचा नाही.’ सिस्टरांनी मला प्लॅस्टिकमध्ये मढवून खिळा ठोकला आणि मी कामाला लागलो.

पाहुणे डॉक्टर माझे फोटो काढत. पुढे बाईंची बदली झाली. एका सोमवारी कोणीतरी ड्युटीची यादी माझ्या तळावर चिकटवली. शेजारी हातभर भिंत मोकळी होती! पण चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो. माझ्या प्लॅस्टिकला काय होतंय? रविवारची सुट्टी कोणाला, हे सगळे डोळे फाडून वाचत. माझ्या दोन ओळी यादीखाली घुसमटत राहिल्या.

मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. सांधेदुखीच्या गोळ्यांनी त्यांची प्रतिकारशक्ती पोखरली होती. पहिल्या दिवशी बेरीज नऊ. पाचव्या दिवशीही कागदावर तेच नऊ.

“शंभरात वीस वाचतात,” मोठे डॉक्टर त्यांच्या मुलीला म्हणाले. “श्वासाचं यंत्र किती दिवस ठेवायचं, घरी ठरवा.”

“त्या विसांत माझी आई नसेल कशावरून?”

“मी नाही, तक्ता म्हणतोय.” आणि बोट माझ्याकडे!

मी म्हणतोय? वा रे वा! अर्धं तोंड बांधून साक्ष माझीच काढायची?

“सर, नऊ पहिल्या दिवशीचे,” सिस्टर म्हणाल्या. “लिफ्ट बंद होती, जिन्याने आणलं होतं त्यांना, धाप लागून प्राणवायू पार खाली गेला होता. आज पुन्हा मोजू या की.”

“असं कुठे लिहिलंय?”

सिस्टरांनी यादी टर्रकन ओढली. “हे काय. खिळा मीच ठोकलाय, सर.”

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही ओळी वाचल्या. मग त्यांनी स्वतः पेन काढलं. बेरीज पाच आली. यंत्र चालू राहिलं. अकराव्या दिवशी नळी निघाली आणि बाई घोगऱ्या आवाजात मुलीवर डाफरल्या, “माझ्या कात्रीने कागद कापलेस ना गं?” मुलगी हसता हसता रडली.

सगळ्यांनी सिस्टरांची पाठ थोपटली. मी मात्र मागचे दिवस मोजत बसलो. यादी सात महिने माझ्या अंगावर होती. त्या सात महिन्यांत सहा जणांचं यंत्र माझं नाव घेऊन थांबवलं. त्यांतलं कोण वाचलं असतं? मला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी मोजायला कोणी आलंच नाही.

मित्रांनो, माझा मान राखू नका, मला हारही नकोत. मला पुरता वाचा, एवढंच.

आज सोमवार आहे. सिस्टरांची सुट्टी आहे. नवी यादी छापून आली आहे, आणि दातांनी चिकटपट्टी तोडत कोणीतरी सरळ माझ्याकडेच येत आहे.