घडीचा जिना

तिसरा जिनाही मधोमध फाटला तेव्हा थोरलीने हातातलं पातं टेबलावर आपटलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. टेबलभर कात्रणं पसरली होती. चपलांची खोकी, मिक्सरचं खोकं, शेजारणीकडून मागून आणलेलं आणखी एक, अशी सगळ्यांची चिरफाड करून एक दुमजली घर कसंबसं उभं राहिलं होतं. भिंती झाल्या होत्या, वरच्या मजल्याची जमीन बसली होती, दाराला कापडी पट्टी चिकटवून बिजागरीसुद्धा झाली होती. पण खालच्या मजल्यावरून वर जायला वाट नव्हती.

नातीचा सातवा वाढदिवस रविवारी होता आणि आज गुरुवार. मुलाला तिने मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, "यंदा विकतचं काही आणू नका, मी बघते." मुलगा नुसता हसला. सून म्हणाली, "आई, गुडघ्यांना झेपेल एवढंच करा हं." गुडघ्यांचा आणि पुठ्ठ्याचा संबंध काय, या विचाराने थोरली दिवसभर धुमसत राहिली होती. आता माघार घ्यायची तर नाक कापल्यासारखं झालं असतं.

असंच एक घर तिला आठव्या वाढदिवसाला मिळालं होतं. बाबांनी दिलेलं. बाबा कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरायचे, महिन्यातले तीन आठवडे बाहेर. आदल्या वर्षी ते तिचा वाढदिवस साफ विसरले होते आणि तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्या वर्षी मात्र संध्याकाळी ते दारात उभे राहिले ते जुन्या चादरीत झाकलेलं काहीतरी दोन्ही हातांत धरून. चादर काढली तर आत घर! लाल छप्पर, खिडक्यांना पारदर्शक कागदाच्या काचा, आणि एका अखंड पट्टीच्या घड्या घालून केलेला अकरा पायऱ्यांचा जिना. बोटाने दाबला की जरासा लवायचा, सोडला की पुन्हा ताठ. वर्गातल्या मुली रांग लावून बघायला आल्या होत्या. पुढे ते घर माळ्यावर गेलं, वाळवीच्या पोटात गेलं. थोरलीच्या मनात मात्र त्याचा कोपरान्‌कोपरा शाबूत होता. तो जिना कसा केला होता, तेवढंच तिला माहीत नव्हतं.

माहीत असण्याची शक्यता असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. तिच्या बहिणीला, धाकटीला, लहानपणापासून प्रत्येक गोष्ट उलगडून बघायची खोड. पण तिच्याशी थोरली चार वर्षांत धड बोलली नव्हती.

आई शेवटची तीन वर्षं धाकटीकडे अंथरुणाला खिळून होती. थोरली महिन्यातून एकदा फळं घेऊन जायची, तासभर बसायची, आणि त्या तासात चारदा घड्याळ बघायची. तिचं आणि आईचं कधी फारसं जमलंच नव्हतं. आई गेली त्यानंतरच्या आठवड्यात धाकटी दारात उभी राहून म्हणाली होती, "पाहुणीसारखी येत होतीस, ताई. आता पाहुणीसारखीच ये." तेव्हापासून दोघी लग्नाकार्यात समोर आल्या की "कशी आहेस", "बरी आहे", एवढ्यावर निभावत.

थोरलीने फोन हातात घेतला, खाली ठेवला, ओट्यावरचं आधीच पुसलेलं पाणी पुन्हा पुसलं, आणि मग नंबर लावला.

"मी बोलतेय."

पलीकडून घाबरा आवाज आला.

"कोणाला काही झालं का?"

"नाही गं. जिना होत नाहीये."

"कसला जिना?"

"पुठ्ठ्याच्या घराचा. आपलं होतं ना, तसं करतेय नातीसाठी. तीनदा फाटला."

थोरलीला वाटलं, आता ही फोन ठेवणार.

"गोंद आहे का घरात?" धाकटीने विचारलं. "की येताना मी आणू?"

दोन बस बदलून ती दुपारी येऊन पोचली. आयुष्यभर टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे बसलेली बाई. आल्या आल्या तिने चपला काढल्या, हात धुतले, आणि पाणी पिण्याआधी टेबलाला एक प्रदक्षिणा घातली.

"खिडक्या फार मोठ्या काढल्यास."

"मोठ्याच होत्या."

"आपण लहान होतो, ताई."

धाकटीने फाटलेले तिन्ही जिने उचलून उजेडाकडे धरले. खाटकाने नवशिक्याचं काम बघावं तसं बघितलं आणि हसू दाबलं.

"भाजी चिरायची सुरी आण."

"हे पातं आहे की. नवं कोरं."

"धारेचं कामच नाही इथे. तू पुठ्ठा कापतेयस, तो दुमडायचाय. सुरीच्या पाठीने रेघ ओढायची, नुसती दाबून. एक रेघ पुढून, दुसरी मागून. पुढून, मागून. सगळ्या एकाच बाजूने ओढल्यास तर फाटेल नाहीतर काय होईल?"

तिने पट्टी लावली, सुरी उलटी धरली आणि सरासर रेघा ओढल्या. मग बोट जिभेला लावून रेघेवरून फिरवलं, अंगठा खाली, दोन बोटं वर, आणि मनगटाला एक बारीकसा झटका. घडी पडली. पुन्हा झटका, पुन्हा घडी. बघता बघता तिच्या मुठीतून पायऱ्या बाहेर पडू लागल्या.

थोरली त्या मनगटाकडे बघत राहिली. हा झटका तिने पाहिला होता. एकदा नाही, हजारदा. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की समोर हेच दिसायचं: भिंतीला पाठ लावून बसलेली आई, एका बाजूला सपाट पुठ्ठ्यांची चळत, दुसऱ्या बाजूला औषधाच्या डब्यांचा ढीग. कुठल्याशा कारखान्याचे डबे ती घरी बसून दुमडून द्यायची. पलंगाखाली डबे, दाराआड डबे. डब्यांचा एवढा सुळसुळाट, की एरवी थोरली लाजेने मैत्रिणींना घरी बोलवायची नाही.

"तुला हे कोणी शिकवलं?" तिने विचारलं. "बाबांनी?"

धाकटीचा हात थांबला नाही.

"बाबा पेन्सिलीला टोक करायचं झालं तरी आईकडे द्यायचे. दहा मण लोखंड उलगडून पुन्हा जोडतील, पण कागद हातात आला की थरथरायचे. आठवत नाही तुला?"

"मग ते घर?"

"घरात पुठ्ठा कुठून आला होता, ताई? बाबा लोखंडात काम करायचे."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करत होतं. ती चालू होईना, पुन्हा पुन्हा घरघरून गप्प होई. थोरलीने खुर्ची मागे ओढली आणि बसली.

"मला गोवर आला होता," धाकटी म्हणाली. तिने सातवी पायरी दुमडली. "पाच वर्षांची होते. तू शाळेत जायचीस आणि मी पलंगावर पडलेली. आई डबे बाजूला सारायची आणि हे काढून बसायची. बारा दिवस लागले तिला. जिना चारदा बिघडला, मी मोजलंय. तुझी शाळा सुटायची वेळ झाली की सगळं पलंगाखाली सरकवायचं, वरून चादर सोडायची. मी त्या घरावरच झोपलेली असायचे. तू येऊन मला विचारायचीस, आज कंटाळा आला का गं? आणि मला हसू फुटायचं. तुला वाटायचं, तापात बरळतेय."

"पण बाबा तर बाहेरून घेऊन आले. दारातून आले. मी बघितलंय."

"आई त्यांना एस्टी थांब्यावर जाऊन भेटली. घर डोक्यावर, मी बोटाला. बाबा उतरले ते हात हलवत. तुझा वाढदिवस आहे हे त्याही वर्षी त्यांच्या गावी नव्हतं. आईने चादरीचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कोपरा उचलून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, ताई, मी लहान होते तरी मला खाली बघावंसं वाटलं. म्हणाले, 'मी केलं असं कसं सांगू?' आई म्हणाली, 'काही सांगू नका. नुसतं द्या.'"

थोरलीने त्या संध्याकाळपाशी परत जाऊन पाहिलं. बाबा, तुम्ही केलंत? असं तिने विचारलं होतं, नाचत नाचत. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि प्यायला पाणी मागितलं होतं. मी केलं, असं ते कधीच म्हणाले नव्हते. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ते तिचं तिनेच म्हटलं होतं, साठ वर्षं, भेटेल त्याला.

आणि चौदाव्या वर्षी, कसल्याशा फाटक्या दप्तरावरून भांडताना, ती आईला जे म्हणाली होती तेही आता समोर येऊन उभं राहिलं. बाबांनी एक घर तरी करून दिलं. तू काय दिलंस आम्हाला? खोकी!

"तू होतीस तिथे," ती हळूच म्हणाली. "मी आईला बोलले त्या दिवशी."

"होते की. तोंड उघडलंच होतं मी. आई म्हणाली, 'तू जा, बादली भरली का बघ.' नळाला पाणीसुद्धा आलं नव्हतं."

"आणि ती?"

"डबा दुमडत होती. पुढचा घेतला."

थोरलीने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला.

"मग निदान तू तरी सांगायचंस. दारात उभी राहून एवढं बोललीस मला. तेव्हा हे का नाही बोललीस?"

"तोंडाशी आलं होतं. गिळलं." धाकटीने सुरी खाली ठेवली. "तेव्हा सांगितलं असतं तर दगडासारखं फेकून मारलं असतं मी. आईने त्यासाठी नव्हतं केलं ते घर."

"आणि आज?"

"आज तू विचारलंस, जिना कसा करायचा ते."

अकरावी पायरी झाली. धाकटीने जिन्याला दोन्ही टोकांना गोंद लावला, दोन बोटांत धरून घराच्या आत नेला आणि वरच्या जमिनीला टेकवला. दोघी वाकून बघत होत्या. डोक्याला डोकं लागलं, तरी कोणी मागे सरकलं नाही. गोंद धरेपर्यंत हात हलवायचा नव्हता, म्हणून धाकटी तशीच वाकून बोलत राहिली.

"मी विचारलं होतं आईला. पडून होती तेव्हा. म्हटलं, ताई येईल तेव्हा सांगू का? आता काय बिघडतंय? तर नकाराची मान हलवली. म्हणाली, 'तिला घर कुठे हवं होतं गं? तिला बाप हवा होता.'"

"आणि आई?" थोरली म्हणाली. "मला आई नको होती का?"

"हे मी नाही विचारलं. पण पुढे तीच म्हणाली, आपणहून." धाकटीने जिन्यावरचं बोट अलगद काढून घेतलं. "म्हणाली, 'मी तर होतेच की घरात.'"

जिना जागेवर उभा राहिला. थोरलीने एक बोट आत घालून तो दाबून पाहिला. जरासा लवला, आणि सुटला तसा ताठ झाला. तिने पुन्हा दाबला. मग ती टेबलापासून दूर झाली आणि खिडकीशी जाऊन, पाठ करून उभी राहिली. खालची गाडी एव्हाना निघून गेली होती.

धाकटीने कात्रणं गोळा केली, सुरी धुऊन ओट्यावर ठेवली, टेबल पुसलं. पर्स उघडून बसचे सुटे पैसे हातात घेतले.

"चल, निघते मी. पाचची बस चुकली तर पुढची दीड तासाने आहे."

थोरली वळली. डोळे पुसायचं तिने टाळलं नाही.

"ती शेवटी शेवटी काय खायची?"

"कोण?"

"आई. मी कधी विचारलंच नाही तुला. फळं आणायचे, पण तिला चावता येत होती का, तेही मला ठाऊक नाही."

धाकटी पर्स तशीच उघडी धरून उभी राहिली.

"नव्हती येत. मी शिजवून, कुस्करून द्यायचे."

"झोप लागायची तिला? बोलायची का? कशावर चिडायची?" थोरली खुर्चीपाशी आली आणि दुसरी खुर्ची तिने पायाने बाहेर सरकवली. "सगळं सांग मला. अगदी पहिल्यापासून."

"तीन वर्षांचं आहे गं ते," धाकटी म्हणाली. "एका दुपारचं काम नाही."

"असू दे," थोरली म्हणाली आणि पुठ्ठ्याचा नवा तुकडा पुढ्यात ओढला. "अजून सगळं छप्पर व्हायचंय."