मधल्याला सहा फेरे

जावईबापूने एक डोळा मिटून पुन्हा दोरीकडे पाहिलं. तुळईच्या साच्याखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याने स्वतःच ती कडक ताणून बांधली होती. दोन्ही टोकांना साच्याचा तळ दोरीला चिकटलेला होता. मधोमध मात्र फट होती. त्याने करंगळी घालून पाहिली, गेली. अंगठा घालून पाहिला, तोही जवळजवळ गेला.

म्हणजे साचा मधे वर चढलेला होता. चुकून नव्हे, चांगला ठसठशीत चढलेला.

खाली सगळे डबे उघडून बसले होते. जेवण झालं की काँक्रीटची गाडी येणार होती, आणि एकदा काँक्रीट पडलं की देवाच्या बापालाही ती तुळई सरळ करता आली नसती. जावईबापूने वाकून पाहिलं. मिस्त्री भिंतीला टेकून जेवत होते. घास तोंडात घालायच्या आधी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

हे मिस्त्री म्हणजे त्याचे सासरे. कामावर तो सगळ्यांसारखं त्यांना मिस्त्री म्हणे आणि घरी मामा. त्यांनीच त्याला या कामाला लावलं, त्याला आता बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत त्याचं खरं नाव कामावरच्या कुणीही विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी "हे आमचे जावईबापू" अशी ओळख करून दिली, तेव्हापासून सळई बांधणारे, पाणी मारणारी बाई, इंजिनिअर मॅडम, सगळेच त्याला जावईबापू म्हणत. एवढ्या लोकांचा जावई असून एकाही घरी पाहुणचार नाही, असं तो स्वतःच हसून सांगे. हसण्यावारी न्यायची त्याला सवयच झाली होती.

सासरे-जावयाचं काम ब्रॅकेटचं. तुळईचा साचा ज्या लोखंडी टेकूंवर उभा राहतो, त्यांच्या डोक्यावर ही ब्रॅकेटं बसतात. प्रत्येकाला एक जाड आटेदार दांडा आणि त्यावर मोठा नट. नट एका बाजूला फिरवला की ब्रॅकेट वर जातं, दुसऱ्या बाजूला फिरवला की खाली येतं, एका फेऱ्याला तीन मिलिमीटर. उंची जमली की त्याच्याखाली दुसरा नट आवळून टाकायचा, म्हणजे पहिला जागचा हलत नाही. त्या दुसऱ्या नटाला सगळे कुलूप म्हणत. दिसायला काम एवढंच. पण घराच्या सगळ्या तुळया सरळ की वाकड्या, ते या नटांवर ठरतं, आणि घर उभं राहिल्यावर ब्रॅकेट काढून नेतात, त्यामुळे ते कुणी ठरवलं हे कुणालाच आठवत नाही.

मिस्त्रींना आठवायचं. रस्त्याने जाताना ते इमारतींकडे बघून "ही माझी, तीही माझी" असं म्हणत, जणू काही गोठ्यातल्या म्हशी मोजतायत. कुलूप एकदा आवळलं की ते परत वळून बघत नसत. जावईबापूने आवळलेलं मात्र प्रत्येक कुलूप ते पुन्हा तपासत. ते कधी ओरडले नाहीत, कधी टोमणा मारला नाही. नुसते यायचे, पाना लावायचे, पाव फेरा आणखी आवळायचे आणि निघून जायचे. बारा वर्षं हा पाव फेरा त्याच्या मानगुटीवर बसला होता.

आणि आता गेल्या काही महिन्यांपासून मिस्त्रींची नजर अधू झाली होती. चहा कपाच्या शेजारी ओतत. सळईवाले तर सांगत की परवा त्यांनी मिक्सरवर वाळत घातलेल्या सदऱ्यालाच "जेवलास का रे" म्हणून विचारलं. चष्मा लावा म्हटलं की म्हणत, माझी बोटं बघतात.

ही तुळई त्यांनी सकाळी लावली होती. वाचनालयाचा मोठा हॉल होता, समोरची सगळी बाजू काचेची होणार होती आणि मधे एकही खांब नव्हता. एवढ्या लांबीची तुळई दोघांनीही आजवर लावली नव्हती. सकाळी जावईबापू मुलीला घेऊन तिच्या शाळेत गेला होता, त्यामुळे मिस्त्रींनी एकट्याने सगळी ब्रॅकेटं लावली. मॅडमनी येऊन पाहिलं आणि ठीक आहे म्हणून सही करून गेल्या. मॅडम वयाने लहान, मिस्त्रींना मान देणाऱ्या. त्यांनी नीट पाहिलं नसेल, असं जावईबापूने धरलं.

आता काय करावं? खाली जाऊन सांगावं, तर चारचौघांत सासऱ्यांचं हसं. न सांगावं, तर उद्या तुळईच हसवणार. त्याने पान्याला पाईप अडकवला, जोर लावला, कुलपं सैल केली आणि मधल्या ब्रॅकेटचा नट सहा फेरे उतरवला. शेजारच्या दोघांचे चार-चार. त्यापलीकडच्या दोघांचे दोन-दोन. दोरी आणि तळ एक झाले. कुलपं त्याने दात-ओठ खाऊन आवळली, दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि खाली येऊन सासऱ्यांच्या शेजारी बसून जेवला.

मामांची अब्रू वाचवली, असं त्याने मनाशी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण जेवताना त्याला दोन घास जास्त गेले, आणि ते अब्रू वाचवल्यामुळे गेले नव्हते. मिस्त्री चुकले होते आणि तो बरोबर होता. बारा वर्षांनी त्याने त्यांच्या नटाला हात लावला होता. हे कुणालाच कळणार नव्हतं, याचं त्याला थोडंसं वाईटही वाटलं.

महिनाभराने टेकू काढले. त्यानंतर आठ दिवसांनी काचवाला आला आणि त्याची चौकट बसेना.

काचवाला मोठा बोलका प्राणी. त्याने चौकट उभी केली, टोकांना बसली, मधे अडली. त्याने उतरवून मापली, परत चढवली, परत अडली. मग तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माझी चौकट सरळ आहे हो. तुमच्या बीमचं पोट सुटलंय."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोरी लावली, पाहिलं आणि मिस्त्रींना हाक मारली. जावईबापू चार पावलांवर उभा होता, त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

एवढी लांब तुळई स्वतःच्या वजनाने मधे खाली येतेच, म्हणून तिचा साचा मुद्दाम मधे वर उचलून ठेवायचा असतो. टेकू काढले की ती खाली येते आणि बरोबर सरळ होते. त्या सकाळी मॅडमनी आणि मिस्त्रींनी मिळून तो किती उचलायचा हे ठरवलं होतं. मिस्त्रींनी तेवढाच उचललाही होता. मॅडमनी मापून पाहिला होता, वहीत आकडा होता.

"म्हणजे नंतर खाली बसला," मॅडम हळूच म्हणाल्या. "मिस्त्री, कुलपं आवळली होती ना?"

मिस्त्रींनी वर तुळईकडे पाहिलं. तिथे आता ब्रॅकेटही नव्हतं आणि नटही नव्हता. विचारायचं तरी कुणाला? त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"आवळली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "राहिली असतील माझ्याकडून."

धोका काही नव्हता, तुळई भक्कम होती, मॅडमनी तेही सांगितलं. फक्त दिसणार होतं. वाचायला येणाऱ्या प्रत्येकाला, काचेच्या सरळ चौकटीवर, वर्षानुवर्षं दिसणार होतं. जावईबापूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तोंड उघडायला तोच क्षण होता. पण तो वळून खाली पडलेल्या फळ्या उचलायला लागला.

घरी आल्यावर त्याने स्वतःला बरंच समजावलं. मामा तसेही थकलेत. चूक कुणाचीही असो, तुळई काही आता सरळ होत नाही. कुणी त्यांना कामावरून काढलेलं नाही. सगळं खरं होतं, आणि तरीही जेवताना बायकोने "पाणी हवंय का" विचारलं तर तो दचकला.

मिस्त्री समोरच्याच गल्लीत एकटे राहत. बायको सकाळी त्यांना डबा देऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली की बाबांचं काहीतरी बिनसलंय. दाराला कुलूप लावतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन ओढून बघतात. आज तिच्यादेखत तीनदा परत आले. शेगडी बंद केली का म्हणून तिलाच दोनदा विचारलं.

"अहो, कामावर काही झालंय का?"

"नाही," तो म्हणाला. एका शब्दाचं ओझं एवढं असतं हे त्याला तेव्हा कळलं.

कामावरही तेच. वरच्या मजल्यावर नवीन तुळयांचे साचे लागत होते. मिस्त्री कुलूप आवळत, पुढच्या टेकूपर्यंत जात आणि मागे येऊन परत आवळत. एकाच नटावर चार-चार वेळा पाना. पूर्वी दिवसाला वीस ब्रॅकेटं लावणारा माणूस, आता आठांवर आला. सळईवाल्यांनी थट्टा करायचं सोडून दिलं. हेच जास्त वाईट होतं, कारण थट्टा धडधाकट माणसाची करतात.

चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्री शिडीवर थांबले. बराच वेळ नुसते नटाला हात लावून उभे राहिले. मग मान वळवून म्हणाले, "जावईबापू, जरा बघता का? घट्ट आहे ना?"

तो शेजारच्या शिडीवर चढला. पाना लावला. नट काळा फत्तर झाला होता, केसभरही हलेना.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

"नक्की ना? तुमचा हात लागला म्हणजे बरं."

जावईबापूला वाटलं, आपल्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. बारा वर्षं तो हेच वाक्य ऐकायला आसुसला होता, आणि आता ते ऐकू आलं तर शिडीवर उभं राहवेना.

"मामा," कामावर तो पहिल्यांदाच त्यांना मामा म्हणाला, "ती कुलपं तुम्ही आवळली होती. मी सोडली."

मग त्याने सगळं सांगितलं. दोरी, अंगठा, जेवणाची सुट्टी, पान्याला लावलेला पाईप. तुम्हाला दिसलं नसेल असं वाटलं, लोक हसले असते, असंही सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर भागलं असतं. सांगण्यासारखं तेवढंच होतं. पण ते म्हातारं बोट अजून नटावरच होतं, आणि त्याच्याकडे बघत अर्धंच सांगणं त्याला जमलं नाही.

"आणि मला बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही चुकलात म्हणून."

खाली कुणीतरी फळी आपटली. मिस्त्री शिडीवरून एकेक पायरी उतरले, रिकाम्या पोत्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"किती फेरे उतरवलेत?"

"मधल्याला सहा."

"शेजारच्यांना?"

"चार-चार. त्यापुढच्यांना दोन-दोन."

मिस्त्रींचे ओठ हलले. ते हिशेब करत होते. मग त्यांनी मोठा श्वास सोडला, अंगावरून पोतं उतरवल्यासारखा.

"मी तेवढेच चढवले होते," ते म्हणाले. आणि टोपी परत डोक्यावर ठेवत म्हणाले, "काम बरोबर केलंत तुम्ही. चुकीचं केलंत, पण बरोबर केलंत. दोन्ही बाजू सारख्या."

जावईबापूचे डोळे भरून आले. शिव्या दिल्या असत्या तर त्याने झेलल्या असत्या. त्यासाठी तो तयार होऊन बसला होता.

"डोळ्यांचं वाटलं, तर तोंडावर म्हणायचं होतंत," मिस्त्री उठत म्हणाले. "मी काय तुम्हाला खाल्लं असतं? आता मॅडमना सांगा. मी बरोबर येणार नाही."

मॅडमना त्याने सगळ्यांसमोरच सांगितलं, कारण मिस्त्रींचं नावही सगळ्यांसमोरच गेलं होतं. सळईवाले माना खाली घालून ऐकत राहिले. पाणी मारणाऱ्या बाईने नळ बंद केला. मॅडमनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि यापुढे सहा महिने मिस्त्रींनी पाहिल्याशिवाय त्याने एकाही नटाला पाना लावायचा नाही असं सांगितलं. तो हो म्हणाला. पाव फेऱ्याचा राग कधी येत होता, हे आठवून त्याला स्वतःचीच कीव आली.

मग काचवाला पुढे झाला. त्याला चौकटीची वरची पट्टी तुळईच्या पोटाप्रमाणे कापून घ्यायची होती. तुळई मधे नेमकी किती खाली आलीय ते माप पाहिजे होतं. तुळईच्या बाजूने दोरी बांधून झाली. टेप कोण धरणार म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं, तर जावईबापू आधीच शिडीवर चढत होता.

खाली मिस्त्री कागद-पेन्सिल घेऊन उभे राहिले. कागद त्यांनी अगदी डोळ्यांजवळ धरला होता.

जावईबापूने टेप तुळईच्या पोटाला टेकवला आणि दोरीपाशी आकडा वाचला.

"किती?" काचवाला ओरडला. "ऐकू येत नाही."

हॉल रिकामा होता. तिथे खोकलं तरी घुमायचं.

"अठरा," जावईबापू मोठ्याने म्हणाला. "अठरा मिलिमीटर."

मिस्त्रींनी परत विचारलं नाही. त्यांनी आकडा लिहिला, कागदाची घडी केली आणि काचवाल्याच्या हातात दिली.