तबला : स्थानिक

"संगीताला सरहद्द नसते!" असं वर्धिनीचे चिटणीस नीलकंठरावांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, आणि टाळ्या ओसरायच्या आत चष्मा नाकावर चढवून नियम तिसरा वाचायला घेतला : "महोत्सवात देवास हद्दीतील कलावंतास रंगमंचावर स्थान असणार नाही."

साल त्रेपन्न. देवासच्या आनंदवर्धिनी सभागृहाला पंचवीस वर्षं पुरी होत होती आणि त्यानिमित्त आठ दिवस रोज संध्याकाळी गाणं-बजावणं ठरलं होतं. इतकी वर्षं चाललं ते चाललं, आता रौप्यमहोत्सवाला तरी दर्जा हवा, असं कार्यकारिणीचं मत पडलं. दर्जा बाहेरगावाहून येतो हे देवासात सगळ्यांना ठाऊक होतं. तो मोटारीनं येतो की आगगाडीनं, एवढाच काय तो वाद.

भगवंत नगारे विंगेत उभा राहून पडद्याच्या दोरीला मेण लावत हे सगळं ऐकत होता. त्याचा बाप मानाजी राजवाड्याच्या देवडीवर नगारा वाजवायचा. भगवंत नगाऱ्यावरून तबल्यावर आला तेव्हा भाऊबंदांनी, घराण्याचा आवाज कमी झाला, म्हणून हळहळ व्यक्त केली होती. गेली बावीस वर्षं वर्धिनीत जो कोणी गायला आला त्याच्यामागे तबल्यावर भगवंतच होता. शिवाय पडदा वर घेणं, तो खाली पाडणं, गवयांना कोमट पाणी देणं, तंबोऱ्याच्या तारा बदलणं आणि रंगमंचाची कोणती फळी कुरकुरते हे लक्षात ठेवणं, हीही कामं त्याच्याचकडे. त्यात तबला हे सगळ्यात हलकं.

हँडबिलावर गवयाचं नाव बोटभर जाड अक्षरात असायचं, त्याखाली जरा बारीक पेटीवाल्याचं, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, 'तबला : स्थानिक'. पूर्वी तेही नव्हतं. पूर्वी देवासात दोन राजे होते. गाव एक, टेकडी एक, पण राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मधून रस्ता. रस्ता ओलांडला की माणूस परमुलखात जायचा आणि भाजी घेऊन परत यायचा. वर्धिनी थोरल्या पातीत आणि भगवंतचं घर समोर, धाकटीत. म्हणून तेव्हा 'तबला : धाकटी पाती' असं छापत. अठ्ठेचाळीस साली दोन्ही पात्या मध्यभारतात विरघळल्या आणि भगवंत एका रात्रीत स्थानिक झाला. राज्यं गेली, राजे गेले, नाव काही आलं नाही.

सभा संपल्यावर तो नीलकंठरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"रावसाहेब, जबलपूरच्या विद्युल्लताबाई गाणार आहेत, त्यांच्या साथीला कोण?"

"पाहुणे तबलजी. उज्जैनहून बोलावतोय. तू पडदा सांभाळ. तो तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही."

"आणि माझं नाव?"

"पडदेवाल्याचं?"

"तबलेवाल्याचं. बावीस वर्षं झाली."

"अरे, गावात तुला ओळखत नाही असा कोण आहे? ज्याला सगळे ओळखतात त्याचं नाव छापून करायचंय काय?"

"तुम्हालाही सगळे ओळखतात. तुमचं तीन ठिकाणी असतं."

नीलकंठराव रागावले नाहीत. थोरल्या पातीच्या दफ्तरात त्यांनी तीस वर्षं हेडक्लार्की केली होती. राज्य बुडालं तरी दफ्तर डोक्यात शाबूत होतं. कोणी उलट बोललं की ते नियम काढत.

"नियम पाच," ते म्हणाले. "'पाहुणा म्हणजे जो परगावाहून, लेखी मान्यतेने, वाहनाने येतो आणि ज्याचे स्वागत चिटणीस स्वतः हार घालून करतात, तो.' यात बसतोस का तू?"

"जन्म कुठला, ते नाही त्यात?"

"जन्माचं काय घेऊन बसलास? जन्म काय, कोणाचाही कुठंही होतो."

"बरं," भगवंत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तबल्या-डग्ग्याचं गाठोडं घेऊन तो इंदूरच्या मोटारीत बसला. तिथून धारची मोटार. निघताना बायकोला, पार्वतीला, म्हणाला, "महिनाभरात पाहुणा होऊन येतो."

"आधी कळवा," पार्वती म्हणाली. "पाहुण्याला घरात नुसती डाळ चालत नाही."

धारला त्याची थोरली बहीण सीताक्का असायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आपल्याच गावी मेहमान होऊन जाणार? शरम नाही वाटत?"

"बावीस वर्षं वाटली, अक्का. आता कंटाळा आला."

खोटं लिहायचं नाही, असं भगवंतनं ठरवलं होतं. म्हणून तो खरोखरच धारमध्ये वाजवू लागला. गुरुवारी भजनाला, शनिवारी एका वकिलांच्या दिवाणखान्यात. आठवडाभरात लोक त्याला 'देवासचे भगवंतराव' म्हणू लागले. वकिलांच्या घरचा जुना तबलजी कोपऱ्यात पानदान धरून बसायचा. त्याचं नाव भगवंतनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, तर तो बिचारा दचकलाच. धारमध्ये दर्जा देवासहून येतो, असं आढळून आलं.

तबल्याच्या साथीसाठी वर्धिनीला अर्जाचं पत्र लिहायला बसला तेव्हा नावापाशी लेखणी अडली.

"राव लाव," सीताक्का म्हणाली.

"स्वतःच स्वतःला?"

"दुसऱ्यांनी लावायची वाट बघत पन्नाशी आली तुझी. लाव म्हणते ना!"

त्यानं लावलं. शाई वाळेपर्यंत दोघं त्या 'राव'कडे बघत बसली.

नीलकंठरावांनी पाकीट फोडलं आणि अक्षर तत्काळ ओळखलं. पण पत्राला तारीख होती, समास सोडलेला होता, वर धारचा शिक्का होता, आणि उज्जैनच्या तबलजींनी मेहुणीच्या लग्नाचं कारण सांगून नकार कळवला होता. नीलकंठराव तासभर येरझारा घालत राहिले. अक्षर ओळखीचं आहे ही झाली माहिती. धारहून अर्ज आला आहे हा झाला कागद. माहितीला आवक क्रमांक नसतो. शेवटी त्यांनी कागदावर 'मान्य' लिहून सही ठोकली, आणि हँडबिलावर आलं : 'तबला : श्री. भगवंतराव मानाजी नगारे (धार)'.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मोटार आली. नियम पाचप्रमाणे चिटणीस स्वतः हार घेऊन अड्ड्यावर हजर होते. ज्याला कालपर्यंत 'अरे' म्हटलं त्याच्या गळ्यात हार घालताना त्यांच्या चेहऱ्यावर एरंडेल घेतल्यासारखा भाव होता.

"या. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"इंदूरला जरा गर्दी होती," भगवंत म्हणाला. मान वर करून त्यानं सगळीकडे पाहिलं. "छान आहे हो गाव तुमचं. ही टेकडी कसली?"

"देवीची," नीलकंठराव दातांतून म्हणाले.

टांगेवाल्याला नियम पाच ठाऊक नव्हता. "अरे, भगवंत भिया! घर छोड दूं?"

"पाहुण्यांच्या बंगल्यावर घ्या," भगवंत म्हणाला.

टांगा त्याच्याच दारावरून गेला. पार्वती उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि रीतसर विचारलं, "कुठले पाहुणे?"

"धारचे."

"मग तिकडंच जेवा. इथं काही केलेलं नाही."

संध्याकाळी वर्धिनी तुडुंब भरली. आत मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता. जबलपूरहून आलेल्या विद्युल्लताबाई नेमक्या कुरकुरणाऱ्या फळीवर बसल्या होत्या आणि तंबोरा जुळवताना दर वेळी फळी वेगळाच सूर देत होती.

"चिटणीस," त्या म्हणाल्या, "मागे आले होते तेव्हा इथं एक गृहस्थ होते. न मागता कोमट पाणी आणून द्यायचे. तबलाही वाजवायचे, आणि काय वाजवायचे! नाव काय त्यांचं?"

नीलकंठरावांनी छताकडे पाहिलं.

"स्थानिक," शेजारून भगवंत म्हणाला.

"काय?"

"हँडबिलावर तसंच असायचं."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हाराकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"आणि आज पाणी कोण आणणार?"

"मी धारचा, बाई. मला काय ठाऊक इथलं?"

"खरंच की. चिटणीस, पाणी!"

नीलकंठराव पाणी घेऊन आले. ते उकळतं होतं. परत गेले, गार घेऊन आले. तिसऱ्या खेपेला कोमट साधलं तेव्हा तिकडे कार्यकारिणीतले तिघे मिळून पडदा वर ओढत होते. पडदा गुंडाळीचा होता. उजवी दोरी आधी ढिली करून खांबाला गुडघा मारायचा आणि मग डावी ओढायची, हे त्याचं शास्त्र. तिघांनी दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या. पडद्याची एक बाजू खुशीत वर गेली, दुसरी कमरेएवढ्या उंचीवर येऊन अडून बसली. प्रेक्षकांत हशा उसळला.

नीलकंठराव धावत आले आणि भगवंतच्या कानाला लागले. "भगवंत, हात लाव रे जरा दोरीला!"

"दोरीला हात लावला की मी स्थानिक."

"अरे, लोक हसतायत!"

"आणि स्थानिकाला रंगमंचावर स्थान नाही. नियम तिसरा. तुमचाच आहे, रावसाहेब."

"असं? मग मीही नाव पुकारणार नाही. 'तबल्यावर स्थानिक साथ', एवढंच म्हणेन. बघू काय करतोस."

भगवंतनं तबल्यावरचा हात उचलला. शांतपणे गवसणी घेतली आणि तबल्यावर चढवली. मग डग्ग्यावर. बावीस वर्षांत गवयाचं गाणं संपण्याआधी त्यानं कधी तबला झाकला नव्हता, तरी नाडी त्यानं घट्ट बांधली.

"मग स्थानिकाला बोलवा," तो म्हणाला. "गावातच असेल कुठंतरी, शोधा. त्याचं नाव ठाऊक असेल तर हाक मारा. मी निघालो. पुकारणार असाल तर आख्खं नाव पुकारा. बापासकट."

"आणि मी जबलपूरला," विद्युल्लताबाईंनी तंबोरा आडवा ठेवला. "साथीला ज्यांचं नाव वाचून आले ते चालले, मी इथं कोणापुढे गाऊ? फळीपुढे?"

नीलकंठराव अर्ध्या पडद्याखालून वाकून बाहेर गेले. तसं वाकूनच बाहेर यावं लागल्यामुळे त्यांनी प्रेक्षकांना मुजरा केला असं सगळ्यांना वाटलं आणि टाळ्या पडल्या. त्यांनी बाईंचं नाव सांगितलं. मग घसा खाकरला.

"आणि तबल्यावर… धारचे…"

"कसले धारचे!" मागून कोणीतरी ओरडलं. "तो तर आपला भगवंत आहे!"

सभागृह खदखदून हसलं. पडद्यामागे भगवंत गाठोड्यावर हात ठेवून बसला होता. नीलकंठराव आता नुसते लोकांबरोबर हसले असते, तर बावीस वर्षं पुन्हा होती तिथं आली असती. पण लोकांना कदाचित ठाऊक नसेल, हेडक्लार्कला स्वतःवर हसलेलं चालतं, सही केलेल्या कागदावर हसलेलं चालत नाही.

"हँडबिल वाचा!" ते कडाडले. "छापलंय ते काय खोटं आहे? मी सही केली आहे! तबल्यावर श्रीयुत भगवंतराव मानाजी नगारे!"

हसणं थांबलं. मानाजीचं नाव देवडीवर कोणी कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते इतक्या वर्षांनी वर्धिनीच्या छताला जाऊन लागलं. रस्त्याकडच्या दारापाशी उभ्या असलेल्या धाकट्या पातीतल्या लोकांनी टाळी सुरू केली. थोरल्या पातीवाल्यांना मागे राहून चालण्यासारखं नव्हतं.

भगवंतनं गवसणीची नाडी सोडली.

पडदा तसाच तिरका राहिला. त्यामुळे डावीकडच्या प्रेक्षकांना बाई दिसल्या आणि उजवीकडच्यांना दोन तास नुसता भगवंत दिसला. बाईंनी यमन घेतला. फळी कुरकुरली की भगवंत डग्ग्याचा एक घुमारा अलगद तिच्यावर पांघरायचा आणि सम आली की बाजूला व्हायचा. मध्येच बाईंनी हात पुढे करून त्याला एकट्याला वाजवायला सांगितलं. असं पाहुण्यालाच सांगतात. तो वाजवू लागला तेव्हा पहिली दोन आवर्तनं त्यानं तबल्यावर बापाचा नगारा वाजवला, आणि आवाज काही कमी पडला नाही.

भैरवी संपली. टाळ्यांचा पाऊस पडला. भगवंत उठून उभा राहिला, हात जोडले. टाळ्या थांबेनात. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षं विंगेतून ऐकलेल्या टाळ्या समोरून अशा ऐकू येतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. देवासात राजांच्या वेळेपासूनची रीत होती की पडदा पडेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही आणि टाळी थांबवायची नाही, ही गोष्ट त्या घटकेला तो साफ विसरला होता.

नीलकंठराव दुसरा हार घेऊन आले. त्यांनी तो नीट त्याच्या गळ्यात घातला, फुलं सारखी केली, आणि हँडबिल हातात नसतानाही स्वच्छ म्हणाले, "भगवंतराव."

"बोला, चिटणीस," भगवंत म्हणाला.

"तेवढा पडदा पाडता का? लोकांचे हात दुखायला लागलेत."