कुंपणापलीकडची रताळी

रुग्ण असो की रोप, नर्सबाईंचा हात सढळ. नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी परसात रताळ्याचे वेल लावले. सकाळी सातला पाणी, संध्याकाळी सातला पाणी, दर शनिवारी घमेलंभर शेणखत. एक वेळ स्वतःची गोळी चुकेल, पण वेलांचं पाणी चुकायचं नाही. वेल असे माजले की कुंपणाखालून शेजारी, धाकट्या दिराच्या ओसाड तुकड्यात शिरले.

काढणीच्या दिवशी बाईंनी अख्खा वाफा खणला. पाल्याचा डोंगर झाला आणि हाती लागल्या करंगळीएवढ्या मुळ्या!

तेवढ्यात कुंपणाशी दीर आला. जन्मात कधी झारी न धरलेला माणूस, पण त्याच्या घमेल्यात मनगटाएवढी लालचुटूक रताळी होती.

“वहिनी, ही तुमचीच. वेल इकडं येऊन रुजला होता. मी काहीच केलं नाही हं, शप्पथ!”

आत घड्याळात सात वाजले. सवयीनं बाईंचा हात झारीकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागं आला.

“तेच तर मला कधी जमलं नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या.